दसऱ्याचा तुकडा

पोस्टकार्ड आलं तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. शिपायानं ते टेबलावर ठेवलं, मी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि पोरांना रीडिंग सांगत राहिलो. 'बाबा सोमवारी सकाळी गेले. तुम्हाला कळवायचं म्हणून सांगून ठेवलं होतं. सुजाता तायडे.' एवढंच. तो दिवस गुरुवार होता, म्हणजे अकोल्याला सगळं उरकूनही तीन दिवस झाले होते. "सर, पारा खाली उतरला, तुम्ही चढला म्हणून सांगून राहिले," असं एक विद्यार्थी म्हणाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण काही पाहतच नाही आहोत. मी सगळ्यांना लवकर सोडून दिलं. बडनेऱ्याला गाडी बदलली की अमरावतीहून अकोला ते केवढं लांब! पण त्या दिवशी काही मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पंधरा दिवसांनी गेलो. कारण स्पष्टच सांगतो, मला तोंड दाखवायची भीती वाटत होती.

अकोल्यात आज कोणाला विचारा, तायडे मिस्त्री कोण? 'ते हो, ज्यांच्या बुशानं अकोटच्या बाईचा हात गेला' असं उत्तर येईल. हात गेला हे खरं आहे. बुश त्यांचा होता हेही खरं. पण हात ज्या कारणानं गेला म्हणतात ते कारण साफ खोटं आहे, आणि खरं कारण मला माहीत आहे. ते मी सात-आठ वर्षं सांगितलं नाही. एका वाक्याचं काम होतं. तेवढ्यानं त्या माणसाचं नाव आणि आयुष्यभराचं काम दोन्ही वाचलं असतं... हा लेख त्या वाक्यासाठी आहे. मिस्त्रींच्या चांगुलपणाची यादी वाचायला मिळेल म्हणून कोणी बसला असेल तर त्यानं पान उलटावं.

पंचावन्न साली आमच्या कॉलेजातला हवा खेचायचा पंप बिघडला. आतला बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी, झिजून सैल झाली होती. अमरावतीच्या फिटर लोकांनी 'कलकत्त्याला लिहा' म्हणून हात वर केले. माझी मोठी बहीण अक्का अकोल्याला जठारपेठेत राहते. तिचे यजमान वकील. ते म्हणाले, "इथं जुन्या कापूस बाजाराच्या मागं एक मिस्त्री आहे, वल्ली आहे, पण काम चोख करतो." मी बुश रुमालात बांधून गेलो. पत्र्याचं शेड, कोपऱ्यात कोळशाची भट्टी, मधोमध तेलाचं इंजिन, आणि भट्टीसमोर उकिडवा बसलेला चाळिशीचा काटक माणूस. त्यानं बुश हातात घेतला, आतून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे कावून झिजलं, सांगा बरं सर." मी लागलीच घर्षणावर व्याख्यान सुरू केलं. दोन-तीन मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घासलं म्हनून झिजलं, हे त पोट्टं बी सांगते. मी इचारून राहिलो, एकाच बाजूनं कावून झिजलं?" मला उत्तर येईना. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला उत्तर येईना! त्या दिवसापासून मी महिन्यातून एक रविवार अकोल्याला जाऊ लागलो. अक्काला वाटायचं तिच्यासाठी येतो.

सुखदेव तायडे मूळचे चांदूर रेल्वेकडचे. लढाईच्या काळात लष्कराच्या एका डेपोत मोडक्या विमानांची मोडतोड वितळवायच्या कामावर होते, तिथं ओतकाम शिकले. लढाई संपल्यावर तीच मोडतोड गाड्या भरभरून बाजारात आली. अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडं सगळे 'जर्मन' म्हणतात, मिस्त्रीही म्हणायचे. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या जिनांना सारखे बुश लागतात, कारण तिथं कापसाबरोबर मातीही उडते आणि ती सगळं खाऊन टाकते. पितळ-कांसं महाग, म्हणून मिस्त्री जर्मनचे बुश ओतून पाहत होते. ते एका हंगामातच खलास व्हायचे. एकदा मात्र एक बुश दोन हंगाम चालला. काढून कापून पाहिला तर आत साच्यातली रेती मिसळलेली. म्हणजे हातून वाया गेलेला माल! "चांगला माल झिजला अन् घाण माल टिकला," ते सांगायचे, "मले त रात्रभर झोप नाई आली." त्यानंतर ते मुद्दामच घाण माल करू लागले. धार लावणाऱ्यांकडून कुरुंद दगडाची बारीक भुकटी आणायची, तव्यावर लालबुंद भाजायची आणि वितळलेल्या जर्मनमध्ये मिसळायची. आधी ती आत जाईचना, पाण्यावर पीठ तरंगावं तशी वरच राहायची. मग त्यांनी धातू थोडा निवू देऊन, कण्या शिजल्यावर होतात तसा घट्ट झाला की ढवळायला सुरुवात केली. आता दाणे आत राहू लागले. हे कोणत्या पुस्तकात आहे म्हणून मी शोधलं. निदान आमच्या लायब्ररीत तरी नव्हतं.

पण कुरुंद म्हणजे दुधारी काम. दाणा घट्ट बसला असेल तर तो धातूला झिजू देत नाही, पण तोच जर निसटला तर बुश आणि दांडा यांच्यामध्ये जात्यासारखा दळत बसतो आणि लोखंडी दांड्यालाच खातो. तेव्हा सगळा खेळ दाणे धरून ठेवणाऱ्या धातूच्या कडकपणाचा होता, आणि तिथं माझा थोडा उपयोग झाला. त्या विमानांच्या धातूत थोडं तांबं असतं. बुश चांगला तापवला की हे तांबं पाकात साखर विरघळावी तसं विरघळतं. गरम पाण्यात एकदम बुडवला की ते आत अडकून पडतं. मग मंद आचेवर काही तास ठेवला की तेच तांबं डोळ्याला न दिसणाऱ्या कणांनी जागोजाग बाहेर येतं आणि धातू कडक होतो. पण आच लांबली की ते कण एकमेकांत मिळून मोठे आणि विरळ होतात, धातू पुन्हा मऊ पडतो. मी पाटीवर खडूनं रेघ काढून दाखवली, चढत जाणारी, मग माथा, मग उतार. मिस्त्री रेघेवरून बोट फिरवत म्हणाले, "म्हंजे लोणचंच की हो. मुरलं त झकास, लईच मुरलं त गिचका." मी मुद्दाम हे सगळं लिहितो आहे. उतार कुठं सुरू होतो हे मला माहीत होतं, मीच काढून दाखवला होता, हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

ही मुरवणीची आच आणायची कुठून? कोळशाच्या भट्टीवर ती कधी कमी, कधी जास्त. मिस्त्रींनी शेजारच्या रहीमभाईंची बेकरी गाठली. सकाळचे पाव निघाले की बेकरीची भट्टी बंद होते, पण तिच्या विटा दिवसभर धग धरून असतात. रहीमभाई आत चिमूटभर मैदा टाकून मनात वीस मोजायचे. तोवर मैद्याला बिस्किटाचा रंग आला तर आच बरोबर, काळा पडला तर जास्त. पावाच्या ट्रेमध्ये बुश मांडून आत सरकवायचे. आम्ही कोणाला एक तास, कोणाला चार, कोणाला सहा, कोणाला आठ असं ठेवून पाहिलं. मिस्त्रींचा एक रिवाज होता. प्रत्येक ओतकामात बुशांबरोबर बोटाएवढा एक तुकडा ओतायचा. तोच भट्टीत, तोच पाण्यात, तोच बेकरीत. मग तो जुन्या लोखंडी चाकावर वजन टांगून दाबून धरायचा आणि सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत इंजिनवर चाक फिरवायचं. तुकड्याचं आधी वजन, नंतर वजन. त्यासाठी सराफ्यातून सोनाराचा काटा आणला होता. सोनारानं काटा दिला, पण वजनाच्या गुंजा त्यांच्या हातात न देता ओट्यावर ओतल्या. हे मिस्त्रींनी हसत सांगितलं. मी हसलो नाही, पण बोललोही काही नाही. ही माझी जुनीच सवय.

चाकावरून उतरलेल्या प्रत्येक तुकड्याला ते दोऱ्यानं चिठ्ठी बांधत आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवत. चिठ्ठीवर चार ओळी: मुरवणीचा दिवस, बेकरीतले तास, किती गुंजा झिजला आणि शेवटी 'कारण'. ही शेवटची ओळ ते कधीच रिकामी सोडत नसत. 'पाणी थंड होतं.' 'भुकटी कच्ची.' 'माही घाई.' ही 'माही घाई' तर पाच-सहा चिठ्ठ्यांवर असेल! मी एकदा म्हटलं, "अहो मिस्त्री, स्वतःचीच चूक कशाला लिहून ठेवता?" तर म्हणाले, "सर, आकडा एकटा असला का तो खोटं बोलते. त्याच्या बाजूले कारण बसवा लागते." सहा तासांच्या तुकड्याची झीज सगळ्यात कमी निघाली, दोन गुंजा. पुन्हा ओतला, पुन्हा दोन. मग त्यांनी शेडाच्या दारावर खडूनं मोठा सहा काढला. आसपासच्या तीन-चार जिनांत त्यांचे बुश बसले आणि तीन हंगाम एकही तक्रार आली नाही. चाकावरून तुकडा उतरल्याशिवाय माल दाराबाहेर जात नसे. जिनवाले दारात उभे राहून तणतणायचे, हे चाकाजवळ बसून बिडी ओढायचे.

आता तो दसरा. छप्पन साली मिस्त्रींनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, आणि तेव्हापासून दर दसऱ्याला ते बायको आणि सुजाताला घेऊन, पांढरेशुभ्र कपडे घालून नागपूरला जात. त्या वर्षी अकोटच्या एका जिनिंग फॅक्टरीचं मोठं काम हातात होतं, हंगाम तोंडावर, आणि ओतकाम नेमकं दसऱ्याच्या आदल्या दिवशी संपलं. मी सुट्टीला अक्काकडंच होतो. मिस्त्री अक्काच्या फाटकाशी आले. आत या म्हटलं तरी ते कधी आत येत नसत, आणि अक्कानंही दुसऱ्यांदा म्हटलं नाही. ते म्हणाले, "सर, उद्या सकाळी नऊ वाजता रहीमभाई ट्रे आत ठेवतीन. तुमी फक्त तीन वाजता काढून घ्या. दुसऱ्या कोनाच्या हाती मी देत नाई, पन तुमच्या हाती देतो." मी म्हटलं, "अहो, त्यात काय एवढं! निर्धास्त जा." ते खरंच निर्धास्त गेले.

दसऱ्याला अक्कानं श्रीखंड-पुरी केली होती. मी जेवलो, तंगड्या पसरल्या आणि झोपलो. बस, एवढंच घडलं! ना कोणी मेलं होतं, ना मला ताप होता. पाचला जाग आली तेव्हा ओसरीवर आपट्याची पानं घेऊन माणसं यायला लागली होती. घड्याळ पाहिलं, तीन कधीच वाजून गेले होते. पण वकिलांच्या घरी दसऱ्याला आलेल्या माणसांसमोरून उठून 'बेकरीत जातो' म्हणायची मला लाज वाटली. बेकरीत पोचायला सात वाजले. रहीमभाई म्हणाले, "साब, मैंने तो पाँच बजे तक रास्ता देखा. फिर शाम के टोस्ट के लिये आग लगा दी. समझा कि और रखना है." ट्रे आत, नव्या जाळाच्या कडेला. दहा तास झाले होते, त्यातले शेवटचे दोन पेटत्या आगीशी. मी मैदा टाकून पाहिला. वीस मोजायच्या आधीच काळा. बुश बाहेर काढले, हातात घेऊन पाहिले, रंग तोच, चकाकी तीच. डोळ्यांना काहीच दिसत नाही हो! दिसलं असतं तर पुढचं टळलं असतं. "मिस्त्री को बता देना साब," रहीमभाई म्हणाले. "सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले ते उन्हानं रापलेले, डोळे लाल, पण आनंदात. "केवढी माणसं होती म्हनता सर!" असं सांगत त्यांनी ट्रेवरचं फडकं काढलं. "तीनले काढले ना?" आणि मी म्हणालो, "हो." आजवर मी पुष्कळदा स्वतःला विचारलं की ते 'हो' कसं निघालं. भीती नव्हती, कारण ते मला काय करणार होते? फार तर पुन्हा ओतलं असतं. मला फक्त लाज वाटली. एवढ्या विश्वासानं एक काम दिलं, आणि आपण श्रीखंड खाऊन घोरत पडलो हे त्या माणसाच्या तोंडावर सांगायची लाज. तरी मी मनात म्हटलं, चाक आहे ना. तुकडा चाकावर चढेल, झीज जास्त निघेल, ते म्हणतील काहीतरी बिघडलं, आणि पुन्हा ओततील. मी चाकावर भिस्त ठेवली. पण अकोटचा माणूस बैलगाडी घेऊन दारात उभा होता. त्यानं घाई केली तेव्हा मिस्त्रींनी तुकडा उचलला, चाकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तुकडा बिस्किटाच्या डब्यात टाकला. "सरांच्या हातचं हाये," ते म्हणाले, "त्याले चाक कायले पायजे?" गाडी निघून गेली. मी तिथंच उभा होतो. मला तोंड होतं आणि मी ते उघडलं नाही.

पौष महिन्यात, ऐन हंगामात ते झालं. मऊ पडलेल्या बुशातून कुरुंद निसटत होता आणि आतल्या आत दांड्याला खात होता. एका जिनाचा दांडा चालता चालता तुटला, आणि त्याला जोडलेला जिनाचा लोखंडी हात उसळून, कापूस घालत बसलेल्या शेवंताबाईंच्या उजव्या हातावर आला. हात मनगटापासून गेला. तीस-बत्तीस वर्षांची बाई, घरात दोन लेकरं. मला हे अक्काच्या पत्रातून कळलं. अकोल्याला गेलो तेव्हा शेडात इंजिन बंद होतं. मिस्त्री सगळ्या जिनांत जाऊन स्वतःच्या हातानं आपले बुश काढून आणत होते, अकोटचेच नाही, तर तीन-तीन हंगाम बिनतक्रार चाललेलेही. जिनवाले म्हणत होते, "हे ठीक चालले ना, राहू द्या." पण ते ऐकत नव्हते. कोपऱ्यात बुशांचा ढीग पडला होता. मी त्या ढिगाशेजारी खाटेवर बसलो. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "सर, सहा तासच होते ना?" आता विचार करतो तर वाटतं, माझ्यासाठी सगळी दारं सताड उघडी होती. पण आता नुसती झोप कबूल करायची नव्हती, एका बाईचा हात कबूल करायचा होता. मी म्हणालो, "हो, सहाच." त्यांनी मान हलवली आणि पुढचा बुश उचलला.

गावात काय काय बोललं गेलं ते मी ऐकलं आहे. अक्काकडं जेवताना वकीलसाहेब म्हणाले, "आधी धर्म बदलला, आता धातू बदलायला निघाले होते. घ्या!" सगळे हसले. मी ताकाची वाटी पुढं ओढली. कुरुंदाचा बुश म्हणजे हात तोडणारा बुश असं ठरून गेलं. मिस्त्रींनी चाकाचा पट्टा काढून खुंटीला टांगला तो कायमचा, आणि पुढं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पितळी बुशांना कानस घासत राहिले. महिन्यातून एकदा एसटीनं अकोटला जायचे. शेवंताबाईंच्या तुटल्या मनगटावर बसेल अशी साध्या जर्मनची एक पकड त्यांनी करून दिली होती, तिच्यात पळी धरता यायची, विळा धरता यायचा. ती सैल झाली की घट्ट करायची, कातडी पट्टा बदलायचा, आणि परत यायचं. त्या बाई त्यांच्याशी पहिली दोन वर्षं एक शब्द बोलल्या नाहीत. ते तरी जात राहिले. मी एकदाही गेलो नाही.

मी अकोल्याला जाणंही हळूहळू कमी केलं. कॉलेजात काम वाढलं असं सांगायचो. दिवाळीला पत्र टाकायचो, ते उत्तर पाठवायचे. बदल्यांच्या, पावसाच्या, सुजाताच्या परीक्षेच्या गोष्टी असायच्या. बुशांबद्दल एक अक्षर नसायचं. मग सुजाता शिक्षिका झाली, मग मिस्त्रींची बायको वारली, मग त्यांच्या छातीनं दगा दिला. इतकी वर्षं भुकटी आणि धूर ओढला होता, तो केव्हातरी वर येणारच होता. गेल्या श्रावणात मी भेटायला गेलो. आडवं पडलं की दम लागायचा म्हणून ते भिंतीला टेकून बसले होते, खांद्याची हाडं सदऱ्यातून वर आलेली. बोलताना मध्ये थांबावं लागत होतं. इकडचं तिकडचं झालं. मी उठायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "सर... काई सांगाचं राहिलं का?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते रागानं विचारत नव्हते, टोमणाही नव्हता. तहान लागलेला माणूस पाणी आहे का विचारतो तसं विचारलं होतं. आणि मी, अहो, मी काय म्हणावं? "नाही हो. तुम्ही आराम करा." त्यांनी फळीवरच्या बिस्किटाच्या डब्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "बरं... पुढच्या खेपेले या मंग." पुढची खेप आली ती पोस्टकार्डानंतर पंधरा दिवसांनी.

सुजातानं चहा केला. खोली तशीच होती. खाट मात्र उभी करून ठेवलेली. तिनं फळीवरून डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "हा तुम्हाला द्यायचा आहे," ती म्हणाली. आत पंचवीस-तीस तुकडे, प्रत्येकाला चिठ्ठी, सोनाराचा काटा, आणि एका पुडीत लाल-काळ्या गुंजा. सगळ्यात वरच्या तुकड्याची चिठ्ठी मी वाचली. दिवस: दसरा. तास: सहा. झीज: अकरा गुंजा. कारण... कारणाची ओळ रिकामी होती. म्हणजे अपघातानंतर, पट्टा खुंटीला टांगण्याआधी, त्यांनी एकदा शेवटचं चाक फिरवलं होतं. "या चिठ्ठीवरचं सरांनी भरायचं आहे असं बाबा म्हणायचे," सुजाता म्हणाली. "काय भरायचं म्हणून मी दोनदा विचारलं. म्हणाले, त्याहिले मालूम हाये."

त्यांना कळलं होतं की नुसता संशय होता, मी सांगू शकत नाही. रहीमभाई पुढच्याच वर्षी मुलाकडं खंडव्याला निघून गेले, जाताना काही बोलले असतील, नसतीलही. पण तो डबा मांडीवर घेऊन बसलो असताना मला एक गोष्ट पहिल्यांदा समजली, आणि ती समजायला पदार्थविज्ञानाच्या माणसाला आठ वर्षं लागली. मला वाटायचं मी फक्त माझी चूक लपवली. छे! मी त्यांना एक खोटा आकडा दिला होता. सहा तासांना दोन गुंजा हे त्यांनी स्वतः घासून घासून पाहिलेलं, आणि त्याच सहा तासांना आता अकरा. मग कोणत्या सहावर विश्वास ठेवायचा? माझं 'दहा' त्यांना मिळालं असतं तर अकरा गुंजा बरोबर उताराच्या जागी बसल्या असत्या आणि त्यांची सगळी मेहनत खरी ठरली असती. त्या एका 'सहा'मुळं डब्यातली प्रत्येक चिठ्ठी संशयाची झाली.

मी सुजाताला सगळं सांगितलं. श्रीखंडापासून सगळं. बाहेर नळाला पाणी आलं होतं, बादली भरून वाहत होती, तरी ती उठली नाही. बसूनच म्हणाली, "चांगले बुशसुद्धा काढून आणले तेव्हा आई त्यांच्यावर चिडली होती. म्हणाली, चांगले कावून काढता? तर बाबा म्हणाले, कोनता चांगला अन् कोनता वाईट, हे आता मले कोन सांगन?" मग माझ्याकडं सरळ पाहून म्हणाली, "तुम्ही सांगू शकत होता."

मी "हो" म्हणालो. या वेळी खरं.

तिच्या टेबलावर वह्या तपासायची लाल पेन्सिल होती. मी ती उचलून चिठ्ठी पुढं ओढली. तिनं माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली. "इथं बंद खोलीत नको," ती म्हणाली. "आधी पेपरात लिहा. ज्यांनी ज्यांनी तोंड वाजवलं त्यांना वाचू द्या. शेवंताबाईंना वाचता येत नाही, त्यांना मी अकोटला जाऊन वाचून दाखवीन. मग चिठ्ठी भरा." तिनं मला माफ केलं का? नाही केलं, आणि मी माफी मागितलीही नाही. स्टेशनवर सोडायला ती आली नाही.

डबा आता अमरावतीला माझ्या टेबलावर आहे. काट्याची पारडी पुसून ठेवली आहेत. हा लेख उद्या टपालात पडेल, आणि वकीलसाहेब तो आपल्या ओसरीवर बसून वाचतील. शेवंताबाई ऐकून काय म्हणतील ते मला माहीत नाही. जे म्हणतील ते ऐकायला मी या वेळी जाणार आहे. चिठ्ठीवर शिसपेन्सिलीनं मिस्त्रींनी लिहिलेला 'सहा' अजून ठळक आहे. तो मी खोडणार नाही, कारण ते त्यांचं अक्षर आहे, आणि त्यांना जे सांगितलं गेलं तेच त्यांनी लिहिलं होतं. शेवंताबाईंना हे वाचून दाखवून झालं की त्याच्या शेजारी मी 'दहा, शेवटचे दोन जाळावर' असं लिहीन. आणि खाली, त्यांनी इतकी वर्षं मोकळ्या ठेवलेल्या ओळीत, त्यांच्यासारखंच थोडक्यात:

कारण: सर झोपले. विचारलं तेव्हा खोटं बोलले.